जोडी

हॉलंड, मिशिगन. गुरुवार, सकाळचे नऊ.
गॅरेजचं शटर वर, आत अख्खा संसार
चिठ्ठ्या लावून मांडलेला:
बर्फ उकरायचं फावडं दोन डॉलर,
नाताळची घंटा पन्नास सेंट,
आणि कोपऱ्यात त्या दोन हातांच्या खुर्च्या.
पुठ्ठ्यावर जाड पेन्सिलीनं: जोडी फोडणार नाही.

मला एकच हवी होती.
एकटीच्या घराला एक पुरते.

व्हर्ना डाइकस्ट्रा, वय एक्याण्णव,
वॉकर टेकत आली. म्हणाली, बसून तर बघ.
बसले. माझी पाठ
खुर्चीला आधीपासून माहीत असल्यासारखी.

"हार्लन होता त्या प्रेसवर," नवऱ्याचं नाव बेधडक घेत,
"पातळ पापुद्रे, एक उभा, एक आडवा,
मधे सरस. मग ताप द्यायचा आणि धरून ठेवायचं.
घाई केली की तडकतं."

आमचे बाबा जन्मभर सांगत आले
मोडेन पण वाकणार नाही.
अठरा वर्षं सख्ख्या भावाशी बोलले नाहीत.
गेले तेही तसेच, ताठ.
खुर्चीच्या हाताखालून मी बोट फिरवलं,
लाकूड वळतं तिथे, पुन्हा पुन्हा:
कुठे चीर लागली नाही.

एक खुर्ची उन्हानं फिकटलेली,
दूध जास्त झालेल्या चहासारखी. ती खिडकीतली, त्याची.
दुसरी भिंतीकडची, गडद.
शिकागोहून आलेल्या व्यापाऱ्यानं दोन्ही उलट्या केल्या,
शिक्का शोधला, स्क्रू चाचपले,
म्हणाला, घासून रंग सारखा करता येईल.
व्हर्नानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"एक तुम्हीच ठेवा ना," मी म्हटलं.
"तिकडच्या खोलीत मावते एक.
पण एकीत बसले की
समोर कोण नाही, तेच दिसत राहणार."

दोन्ही घेतल्या. भाव केला नाही.
डिकीचं दार सुतळीनं बांधलं,
एकीचे पाय घरापर्यंत माझ्या खांद्याला टोचत होते.

आता गडद खुर्चीत मी बसते.
फिकटीवर धुतलेले कपडे, टपाल,
एकदा तर कलिंगड.

काल रविवारी संध्याकाळी ती रिकामी केली,
फडक्यानं पुसली.
संगमनेरला सोमवार उजाडला असेल.
काकांचा नंबर बाबांच्या डायरीत होता,
खोडलेला, पण वाचता येण्याजोगा.

रिंग जात राहिली.
मी पुढे वाकून बसले.