सामासिक अंतर

फियाट विकून अकरा वर्षं झाली.
गॅरेजात उरला तेलाचा एक काळा डाग,
कुणाच्या तरी निवडणुकीचा फ्लेक्स,
आणि पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्यासाठी
चार निळी पिंपं.
महानंदा येणार म्हटल्यावर
पिंपं जिन्याखाली गेली.

यल्लप्पा गवंडी टेप लावून म्हणाला,
"मालक, ही भिंत हद्दीपासनं दीड फुटावर.
इकडं खिडकी निघत नाही.
पलीकडं गज्जमांचा कारखाना, ते नोटीस देतील."
म्हणजे दहा बाय सतरा, एक शटर,
आणि वर, हात पुरणार नाही तिथं, झरोका.

हद्द नेमकी कुठाय ते तरी बघू, मी म्हणालो.
नकाशा सापडेना.
रिक्षातून उतरलेली महानंदा, बॅग हातातच,
सरळ कोपऱ्यातल्या कडुलिंबाशी गेली
आणि चपलेच्या टोकानं माती उकरली.
दगड निघाला. वर कोरलेली फुली.
"आप्पांनी टेप ओढली तेव्हा
दुसरं टोक माझ्या हातात होतं.
तू तापानं झोपला होतास."

हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली
त्याला बावीस वर्षं झाली.
चहा झाला होता, पेढे झाले होते,
आम्ही इरकल नेसवली होती.
सही करताना तिनं एवढंच विचारलं होतं,
"पूर्ण नाव लिहू? कुठलं?"

दगडाकडं बघत मी यल्लप्पाला
सिमेंटचा भाव विचारत राहिलो.

गज्जम संध्याकाळी स्वतःच आले.
"मी खिडकीला हो म्हणीन हो,
पण उद्या माझी पोरं तुमच्या पोरांशी भांडतील."
खरंच होतं ते.
दोन दिवसांनी त्यांनी कारखान्याची भिंत
झरोक्यासमोर तेवढी चुन्यानं पांढरी केली.
शेड तापतंय, म्हणाले.
आता दहाच्या सुमाराला ऊन आधी त्यांच्याकडं पडतं,
मग आमच्या खोलीत उजेड होतो.

मी सागवानी दार सांगून आलो होतो.
ती म्हणाली, "शटर राहू दे.
दारांना बाहेरनं कडी लागते.
इथं अख्खी भिंतच वर जाते बघ."
पहाटे सहाला ती दोन्ही हातांनी शटर ढकलते,
अर्धं नीलम नगर जागं होतं.
कुणी तक्रार केलेली नाही अजून.
महापालिकेच्या कागदावर तिथं अजून
एक चारचाकी उभी असते.

पहिल्या तारखेला उंबऱ्याशी बसून
शेंगा कुटता कुटता तिनं विचारलं,
"भाडं किती धरलंस रे?"
नेमकी तेव्हाच लाईट गेली.
पलीकडचे माग एकेक करत थांबले.
तिचाही हात थांबला होता.
इतक्या शांततेत
मला काहीतरी बोलावं लागणार होतं.