तुझी वाळू बसली का?

आई फोनवर विचारते,
"तुझी वाळू बसली का गं?"
म्हणजे, काम उरकलं का, येतेस का जेवायला.

तिची वाळू बसते.
रेदोंदेलाच्या ओहोटीत गुडघाभर पाण्यात
दाताळं ओढून वेचलेल्या तिसऱ्या
रात्रभर खाऱ्या बादलीत ठेवल्या
की सकाळी तळाशी बोटभर रेती
आणि वरचं पाणी लख्ख.
चव्वेचाळीस वर्षं ती वाळूला सांगत आलीय, बस.

आणि मी, सबेला, तिची थोरली,
व्हिगोच्या टेकडीवर तिसऱ्या मजल्यावर
'बसू नकोस' म्हणण्याचा पगार घेते.

ॲल्युमिनाची पूड.
तोंडाला फडकं बांधल्याशिवाय डबा उघडायचा नाही,
श्वासासरशी उडते.
ज्या धातूची तुरटी फिरवली की गढूळ पाणी निवळतं
त्याच धातूची ही राख,
आणि आम्हाला ती निवळलेली चालत नाही.
शंभर भागांत एक भाग. नुसती ढवळली तर गुठळ्या,
म्हणून तिला तासभर आवाज ऐकवायचा
माणसाच्या कानापलीकडचा.
दाराशी पहारेकरी शुर्शोचा कुत्रा
नेमका तेव्हाच उठून बसतो.
मग थेंबभर आम्ल. आंबट पाण्यात
कणाकणाला एकाच जातीचा विद्युतभार चढतो,
आणि एकाच जातीचे म्हणून
ते एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत.
(तुझे दोघे भाऊ, आई म्हणेल.)

मग तार.
प्लॅटिनमची, केसाहून बारीक,
त्या दुधट पाण्यात उभी ताणलेली.
एक सेकंद वीज सोडायची.
तार किती झपाट्याने तापते त्यावरून कळतं,
भोवतीचं पाणी तिची ऊब किती ओढून घेतं ते.
एकच सेकंद. जास्त रेंगाळलं
तर ऊन पाणी वर चढायला लागतं,
मग पाण्याचा स्वभाव राहतो बाजूला
आणि आपण त्याची धावपळ मोजत बसतो.

भिंतीवर डॉक्टर औतेइरालांचा आलेख, काचेच्या चौकटीत.
तीस टक्के. तेरा वर्षांपूर्वीचा.
त्या एका रेघेवर ही खोली उभी राहिली,
हा पंप, ही खिडकी, माझी नोकरी.
माझ्या वहीत:
तीन. सव्वातीन. तीन. एकदा तीनाला थोडं कमी.
तार बदलली. पाणी बदललं.
माणूस बदलून पाहिला, इआगोला मोजायला बसवलं.
तीन.

आणि दाटपणाची चौकट कोणी केली नाही.
तेच पाणी नळीतून ढकलायला
नऊ टक्के जड जातं.
उष्णता तीनाने लवकर निघते,
पंपाला नवाने जास्त दम लागतो.
असला सौदा माझी आई मासळीबाजारात
फुकट चहा मिळाला तरी करणार नाही.

जूनमध्ये डॉक्टर निवृत्त होतायत.
मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा काढला,
वही डोळ्यांना लावून वाचली, पान उलटलं,
परत मागे आले.
"तेव्हा तार उघडी असायची," म्हणाले,
"लेप देत नव्हतो आपण. वीज पाण्यात गळत असणार."
'आपण' म्हणाले. मी तेव्हा शाळेत होते.
मग बराच वेळ खिडकीशी,
खाली खाडीत शिणाण्यांचे तराफे
भरतीबरोबर एकाच बाजूला तोंड करून.
आलेख त्यांनी उतरवला नाही.
जाताना फक्त विचारलं, छापायला कधी देतेस?

आज एकतिसावा दिवस.
फडताळातली पहिली बाटली उजेडात धरली.
मानेशी, नखाएवढं,
अगदी नखाएवढंच,
निवळ पाणी.
हलवावीशी वाटली. हात तिथवर गेलाही.
मग वहीत तारीख घातली, उंची लिहिली, दोन मिलिमीटर.

फोन वाजतोय.
बसतेय, आई. हळूहळू बसतेय.
ताट वाढ.