स्टेपनी नसलेली गाडी

गाडी जुनीच घेतली, पुण्याच्या एका माणसाकडून.
दोघांपुरती, राखाडी, पोट जमिनीला टेकलेलं.
लातुरात कुठंही लावली की पोरं वाकून आत बघतात,
काकू, किती पळती?
काय सांगू. औशाच्या रस्त्याला
गतिरोधक आला की तिरकी करून एकेक चाक
नव्या नवरीसारखं उंबऱ्यावरून न्यावं लागतं.

टायर तिचे रनफ्लॅट होते,
हवा गेली तरी ऐंशी किलोमीटर चालणारे.
म्हणून मागे स्टेपनी नाही, जॅक नाही, पाना नाही,
स्टेपनी ठेवायला जागाच नाही.
मी भूलतज्ज्ञ. रात्री दोनला उदगीरहून फोन येतो,
सिझर आहे, निघा.
एकट्या बाईला याहून काय पाहिजे, विकणारा म्हणाला होता.
मलाही पटलं होतं.

तीन वर्षं त्या टायरांनी मला
रस्त्यातला खडा न् खडा वाचून दाखवला,
पुलाचे सांधे, रेल्वे गेट, डांबराचं प्रत्येक ठिगळ,
सगळं मणक्यात.
आणि परवा जलीलभाईंनी मागचं उजवं चाक खोललं
तर आत हवाच नाही.
कधीपासून?
मला माहीत नव्हतं.
पिवळा दिवा लागायचा समोर, पण तो घेतल्यापासून लागतोच.

आतून मूठभर काळा भुगा निघाला.
बाजूचं रबर पैलवानाच्या कानासारखं,
जाड, मोडून मोडून घट्ट झालेलं.
दिगू नावाचं पोरगं पहारीवर उभं राहून नाचलं
तेव्हा कुठं कड सुटली.
जलील तांबोळींनी भुगा फुंकला नि म्हणाले,
"ह्येला खडा कळतो, मॅडम. भोक कळंना.
असला टायर कामाचा न्हाई."

मी गप्प.
कळू न देणं हा तर माझाच धंदा.
पण मी उशाशी बसून असते ना,
छाती वर येते, खाली जाते,
मी बघत असते.

नवे चार साधे टायर
हैदराबादहून आले, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून,
लातुरात हे माप कोणी ठेवत नाही.
दिगूने अंगठ्याने दाबला, दबला.
साबणाचं पाणी फासलं, हवा सोडली,
फट्ट फट्ट करत कडा बसल्या,
बाकड्याखालचं कुत्रं उठून रस्त्यापलीकडे गेलं.

"आता हवा गेली की गाडी बसंल," जलीलभाई म्हणाले.
"बसली की बसू द्या. वढू नका."
पावतीच्या मागे नंबर लिहून दिला.
रात्री पण लावू?
"तुमी रात्री उठता का न्हाई?"

घरी येताना गाडी अशी चालली
की मला वाटलं रस्ता नवा केलाय.
केला नव्हता.

एकोणिसाव्या दिवशी, नळेगावच्या अलीकडे,
स्टिअरिंग जड झालं, गाडीने एक खांदा टाकला.
पहाटेचे चार. उदगीरहून परतत होते,
बाळ-बाळंतीण ठीक.
हवेचा पंप विकत घेतला होता,
तो घरी होता, खोक्यात.
मोबाइलच्या उजेडात सापडला,
बैलाच्या पत्रीचा खिळा, झिजून चकाकणारा.
बोट ओलं करून लावलं.

बुडबुडा आला. फुगला. फुटला.
थोड्या वेळाने दुसरा.
सवयीने मी घड्याळात बघून मोजत बसले,
मिनिटाला नऊ.
मग जलीलभाईंना फोन लावला.