जाळी

धायरीतला सातवा मजला सोडताना
खोकी बावीस भरली, एक तुळस,
आणि आंघोळीच्या टॉवेलांत गुंडाळलेले
दोन पिंजरे.

मुनीम नवले पुलापर्यंत ओरडला
आणि कात्रजच्या बोगद्यात एकाएकी गप्प झाला.
शेवंतीने बोगदा संपल्यावर सुरुवात केली.
खेड शिवापूरला काकड्या विकणारा पोरगा
खिडकीशी येऊन म्हणाला, ‘मॅडम, बाळाला बरं नाही का?’
इरफानने टेम्पोचा गिअर टाकला.
‘बाळ चौदा वर्षांचं आहे,’ तो म्हणाला.

कुत्रं माणसाचं, मांजर घराचं, असं म्हणतात.
मी तर भाड्याच्या पाच घरांची.
माझं काय ते कुणी म्हणून ठेवलेलं नाही.

नसरापूर फाट्यावरून आत, वेल्ह्याच्या अलीकडे,
पत्र्याचं छप्पर, शहाबादी फरशी, एकच दार.
ते उघडलं. समोर अंगण, पलीकडे भाताचं खाचर,
त्याच्यापलीकडे डोंगर, आणि मध्ये काहीच नाही.
मुनीम उंबऱ्याशी आला,
पुढचा उजवा पंजा उचलला
आणि हवेत टेकवला.
बरोबर तिथे, जिथे सात वर्षं
नायलॉनची कबुतरजाळी होती.
पंजा तसाच राहिला थोडा वेळ.
मग त्याने तो मागे घेऊन चाटला,
जणू त्यासाठीच उचलला होता.

मी हसले त्याला.
रात्री उठून अंधारात चाचपत होते
सेफ्टी डोअरची कडी.

चिमाबाई मरगळे दुधाचा तांब्या ठेवून म्हणाल्या,
‘सांजच्याला आत घेत जा गं त्यांना. बिबट्या हाय.
श्रावणात आमचं कुत्रं नेलं.
मांजराला हात लावत न्हाई म्हणत्यात,
पण त्याचं काय सांगावं,
त्योबी नवीनच आलाय इकडं.’

नवव्या दिवशी एक नाकतोडा
आत आला, ओट्यावर बसला, कंटाळला, बाहेर गेला
आणि त्याच्यामागे मुनीम.
जाळी फाटल्याचा आवाज मी ऐकला. शपथ.

त्या रात्री बांधाबांधावरून बॅटरी मारत
मी ‘मुनीम! अहो मुनीम!’ करत फिरले.
(अहो कुठून आलं, माहीत नाही.)
चिमाबाईंची सून दारात उभी राहून
पदर तोंडाला लावून हसत होती.
मग हसायची थांबली, आणि कंदील घेऊन आली.

पहाटे तो परतला. पोटापर्यंत चिखल,
तोंडात खेकडा, आणि खेकड्याच्या नांगीत
मुनीमचं नाक.
कुणी कुणाला आणलं होतं, सांगता येत नव्हतं.

आता तो जेवायला येतो, पाहुण्यासारखा.

शेवंती मात्र तीन महिने झाले तरी
उंबऱ्यावरच.
नसरापूरच्या डॉक्टरांनी, जे एरवी म्हशी बघतात,
तिला एका तळहातावर तोललं,
हळू आवाजात म्हणाले, ‘मूत्रपिंडं थकलीत,’
आणि पैसे घेतले नाहीत.

काल धायरीहून शेजारच्या लिमयेबाईंचा फोन:
तुमच्या जागी आलेल्यांनी जाळी काढली हो,
कबुतरं आता थेट हॉलमध्ये येतात.
मी हे शेवंतीला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी चहाचा कप घेऊन
मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसते.
तिचं शेपूट घरात, मिशा बाहेर.
खाचरात बगळे उतरतात, चिमाबाईंचा पंप सुरू होतो,
त्या आवाजाला मला अजून लिफ्ट आल्यासारखं वाटतं
आणि मी मागे वळून बघते.

कधीतरी ती पंजा उचलते.
मी कप खाली ठेवून हात पुढे धरते.
ती माझ्या तळव्यावर पंजा टेकवते
आणि बाहेर बघत राहते.