मधले चार अंश

माझगावात डिमेलोच्या बेकरीला लागून
सुमतीबाई केळुसकरांची खोली. भिंत एकच.
पलीकडे पावाची भट्टी,
अलीकडे टीव्ही, त्याचा डबा, राउटर.
दर मे महिन्यात एकेक जळायचं.

"दुसऱ्या भिंतीला लावा."
"दुसरीला मोरी, तिसरीला दार,
चौथी भिंत नाहीच, कपाट आहे."

मग लॅमिंग्टन रोडवरून आणले
तळहाताएवढे दोन पंखे
आणि मसुरीएवढा सेन्सर.
अडतीसला चालू, चौतीसला बंद.

"मधले चार अंश कशाला?"
"नाहीतर धरसोड होते.
घडीत चालू, घडीत बंद, जीव जातो मोटरचा."
"आमच्या ह्यांचं तसंच होतं," म्हणाल्या
आणि चहा टाकला.

पहाटे तीनला पलीकडे लाकूड पेटायचं,
साडेतीनला पंखे.
घड्याळाचा सेल त्यांनी बदललाच नाही.

जानेवारीत फोन: पंखा बिघडला.
गेलो. भिंतीला हात लावला.
थंड. शेजारणीसारखी नाही, भिंतीसारखी.
डिमेलोने विजेची भट्टी घेतली होती,
मागच्या गल्लीकडे तोंड करून.

"पंखा ठीक आहे, बाई."
पटेना.
सेन्सर त्यांच्या मुठीत दिला.
तेहतीस. चौतीस. पस्तिसावर अडला.
"माझ्याने पुरत नाही वाटतं."

मग त्यांनीच तो चहाच्या पेल्याला चिकटवला.
पंखे सुरू झाले.

चहा कोणी प्यायलं नाही.
अडतीसपासून खाली, चौतीसपर्यंत,
आम्ही ऐकत बसलो.