खिडकीत विसरलेली बाटली

पडद्यावरची मी माझ्याहून देखणी आहे.
कळ आली की ती ओठ चावते
आणि चावल्यावरही तिचे ओठ नीटच दिसतात.
मी गुरासारखी ओरडले होते,
भिंतीकडे तोंड करून,
नाका-डोळ्यांतून येईल ते येऊ देत.

आर्येप्लोगच्या सभागृहात साठ खुर्च्या मांडल्यात.
बाहेर बर्फ लोटणाऱ्या गाडीची घरघर.
पुढच्या रांगेत डॉक्टर लिंडवाल, कधीच निवृत्त झालेले,
मांडीवर लोकरी टोपी.

पहिल्यांदा माझं अपेंडिक्स काढलं.
ते निरोगी निघालं. गुलाबी, बिचारं.
मग म्हणाले, नसा.
मग म्हणाले, प्रेमभंग वगैरे?
झाला होता थोडासा, स्टुरेशी,
म्हणून क्षणभर मलाही पटलं.
मग केस विंचरायला हात वर जाईना.
नळातून कुणी माझं नाव घेऊ लागलं,
टूवा, टूवा, पाणी बंद केल्यावरही.
मग वॉर्ड सात,
जिथलं दार फक्त बाहेरून उघडतं.
झोपेसाठी रोज दोन गोळ्या,
आणि गोळी पोटात गेली की आगीत तेल.
कागदावर एकच ओळ: सोंग असण्याची शक्यता.

इथे चित्रपटात व्हायोलिन वाजतं.
गालावर खळी असलेला तरुण डॉक्टर
रात्रभर जाडी पुस्तकं चाळतो.
पहाटे एका पानावर त्याचं बोट थांबतं.
सभागृह श्वास रोखतं.

असं काही झालं नव्हतं.
हेल्वी रजेवरून परत आली, एवढंच झालं.
हेल्वी, फरशी पुसणारी,
नदीपलीकडच्या फिनिश बोलीत बादलीशी भांडणारी.
तपासणीची बाटली कुणीतरी खिडकीत विसरलं होतं,
आणि जून होता,
सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता,
रात्री बारालाही काचेवर ऊन.
काल ठेवलेली साधी पिवळी लघवी
आई हिवाळ्यासाठी भरून ठेवायची
त्या रानफळांच्या रसासारखी गर्द झाली होती.

हेल्वीने ती ओतून दिली नाही.
एवढंच तिचं संशोधन.
बाटली घेऊन ती दार न ठोठावता आत गेली
आणि म्हणाली,
आमच्या गावात एकीची अशीच व्हायची.
वेडी म्हणून पुरली तिला.

सगळी सोंगं आणता येतात, म्हणतात.
या रंगाचं कसं आणायचं?

नंतर वडील दोन दिवस बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी फडताळाच्या तळातून
एक फोटो काढून माझ्या पांघरुणावर ठेवला.
त्यांची आत्या, रागना.
हे नाव आमच्या घरात मी पहिल्यांदाच ऐकलं.
तिच्या फोटोतही हात
मांडीवर कुणी ठेवून दिल्यासारखे.

दिवे लागतात. लोक डोळे पुसतात.
त्या मुलीचं सोंग पाहून
लिंडवालसुद्धा टोपीनेच नाक पुसतायत.
नावांची यादी वर सरकते,
केशभूषा, वाहनचालक, कुत्र्याची देखभाल.
हेल्वी नाही.

दाराशी ते मला गाठतात.
"छान केलंय तिने."
"हो," मी म्हणते, "अगदी खरं वाटतं."
आणखी काही म्हणायला ते तोंड उघडतात,
मग टोपी घालतात.

बाहेर डिसेंबर. दुपारचे अडीच, काळोख.
मी गाडीची काच खरवडत राहते
आणि मनात हिशेब करते:
या महिन्यात आजारी पडले असते
तर बाटली
पिवळीच राहिली असती.