एकचा पत्रा

पहाटे पावणेसहाला मालकांचा फोन,
"सुवर्णा, शिडी घे. दर उतरलाय."
म्हैसाळच्या आमच्या पंपावर अजून पत्र्याचे आकडे आहेत,
खिळ्याला अडकवायचे.
मी कामाला लागल्यापासून ते चढतेच लावलेत,
खाली उतरवायचे म्हटल्यावर
हात जरा अडखळला.

एकशे सहाचे सत्त्याण्णव.
म्हणजे डावीकडचा खिळा मोकळा.
एकचा पत्रा काढला
तर मागं बोर्डाचा मूळचा निळा रंग,
ऊन न लागलेला,
घड्याळ काढल्यावर मनगट दिसतं तसा.

हाकेच्या अंतरावर कर्नाटक.
रोजचं गिऱ्हाईक नळीकडं न बघताच सांगायचं,
"कागवाडपर्यंत पोचंल एवढंच टाक."
तिकडं स्वस्त, इकडं नुसतं पोचण्यापुरतं.
आज मात्र तिकडच्या गाड्या इकडं तोंड करून उभ्या,
"नूर रुपायदा हाक्री, अक्का."
नूर म्हणजे शंभर, एवढं कानडी मला येतं.
पंपावर तेवढं पुरतं.

बाबालाल नदाफची वडाप आली, आत तेराजण.
मागच्या सीटवरनं एक बाई म्हणाली,
"दर उतरला न्हवं, मग भाडं?"
"चढला तवा मी काय मागितलं हुतं का?"
"मागितलं हुतंस. पाच."
बाबालालनं टेपचा आवाज वाढवला.

भूपालअण्णा मगदूम विक्रीकरात होते, सांगलीला.
रिटायर झाल्यापासून चाकात हवा भरायला येतात,
हवा फुकट आहे आणि मी ऐकून घेते म्हणून.
म्हणाले, "नऊ उतरले, त्यातले सात सरकारनं सोडले.
सोडले म्हणजे कुठंतरी कमी पडणार.
ती खडी बघ."
पंपासमोर दिवाळीपासून खडीचा ढीग पडलाय,
त्यावर शेरडं चढतात.
रस्ता व्हायचा होता, आता बिल अडकलंय म्हणे.
"इतकी वर्षं तू पेट्रोल नाही, कर ओततीयास, पोरी,
वास तेवढा पेट्रोलचा."
मी नळीकडं बघितलं.
थेंब पुसायचं फडकं खांद्यावरच होतं.

एक गोष्ट मात्र अण्णांच्या हिशोबात नाही.
इथं लिटरात कोणी मागत नाही.
शाळेतले सर, दुधाच्या किटल्यावाला,
बेडगेहून पानाच्या करंड्या आणणारा जिन्नाप्पा,
सगळे म्हणतात, "शंभरचं."
कालही शंभर, आजही शंभर.
खिशात कुणाच्याच काही उरलं नाही.
नुसती टाकी
थोडी वर आली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर पावतीच्या पाठीमागं मांडून बघितलं.
शंभरात पूर्वी किती बसायचं, आता किती,
माझी स्कूटी लिटरला किती देते.
चार किलोमीटर.
शंभर रुपयांमागं चार किलोमीटर जास्त.
सरांना ते कुठं नेतील, माहीत नाही.
ते सुट्टीतही शाळेपर्यंतच जातात.

ड्युटी सुटल्यावर मीही शंभरचं टाकलं.
घर नरवाडला. रोज सरळ घरी.
आज उलटी वळले, बंधाऱ्याकडं.
दोन जायला, दोन यायला, बरोब्बर.
काही काम नव्हतं.
खडीच्या ढिगापुढचा तो खड्डा आलाच,
डब्यातला चमचा खणखणला.
कठड्याला टेकून कृष्णा बघितली,
कुणीतरी म्हशी धूत होतं,
पलीकडं उपशाच्या मोटारी चालू होत्या,
पाणी चढावर ओढत होत्या
जतपर्यंत.

एकचा पत्रा मी गोदामात टाकलेला नाही.
शिडीजवळच ठेवलाय, पालथा.
आणि त्या मोटारींचं बिल कोण भरतं,
हे अण्णांना विचारायचं राहिलं.
उद्या येतील.
हवा काय, रोजच कमी होते.